काळ्या अस्वलाच्या कानात बिल्ला कशासाठी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा सुरू झाला, की न्यू जर्सी, कनेक्टिकट, पेनसिल्व्हेनिया आणि कॅलिफोर्नियातील मराठी कुटुंबांकडून अंगणात, कचऱ्याच्या डब्याजवळ किंवा पायवाटेवर दिसलेल्या अस्वलांची छायाचित्रे येऊ लागतात आणि त्यांच्यासोबत जवळजवळ नेहमी एकच शंका असते: त्याच्या कानात ते रंगीत काय आहे? त्या शंकेतून निघालेले आणि पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात येत असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अस्वलाच्या कानाला गावाकडच्या गाईसारखा बिल्ला होता. तो कोणी लावला?

तो राज्याच्या वन्यजीव विभागाने किंवा त्या विभागाच्या परवानगीने काम करणाऱ्या विद्यापीठातील संशोधकांनी लावलेला असतो. गाईची आठवण होणे स्वाभाविक आहे, कारण वस्तू जवळपास तीच आहे. महाराष्ट्रात गाई-म्हशींच्या कानात जो १२ अंकी पिवळा बिल्ला दिसतो, त्याचे दोन भाग असतात. एकाला टोकदार खुंटी असते, दुसऱ्याला ती अडकवून घेणारे भोक असते आणि विशिष्ट पक्कडीने दाबले, की कानाच्या पाळीतून आरपार जाऊन दोन्ही भाग एकमेकांत बसतात. अस्वलांसाठीही बहुतेक ठिकाणी गुरांसाठी किंवा मेंढ्यांसाठी बनवलेलेच प्लास्टिकचे बिल्ले वापरतात. काही ठिकाणी धातूचे छोटे बिल्ले असतात. फरक इतकाच, की गाईच्या क्रमांकामागे मालकाचे नाव असते, तर अस्वलाच्या क्रमांकामागे नोंदवहीतील एक पान असते. ते कधी आणि कुठे पकडले, नर की मादी, वजन किती, वय किती आणि त्यानंतर ते कुठे कुठे दिसले, हे सर्व त्या पानावर लिहिलेले असते.

२. आपल्याकडचे अस्वलही काळेच असते. मग हे ‘काळे अस्वल’ वेगळे का म्हणायचे?

ती वेगळी जात आहे. मेळघाट, बुलढाणा, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत आढळणारे आपले अस्वल लांब, विस्कटलेल्या केसांचे, वाळवी आणि मुंग्या ओढून खाणारे असते. येथे ज्याविषयी लिहिले आहे ते अमेरिकन काळे अस्वल कॅनडा, अमेरिकेची बरीचशी राज्ये आणि उत्तर मेक्सिको येथे राहते. नाव काळे असले, तरी पश्चिमेकडे त्यातली कित्येक अस्वले तपकिरी किंवा दालचिनीच्या रंगाची असतात. हे अस्वल बोरवर्गीय फळे, ओकची फळे, कोवळा पाला, किडे आणि संधी मिळाल्यास आपला कचरा खाते आणि थंडीत शीतनिद्रा घेते. न्यू जर्सीच्या सर्व २१ काउंट्यांमध्ये ते दिसल्याची नोंद आहे, त्यामुळे तेथील मराठी वस्त्यांना त्याचा शेजार नवा राहिलेला नाही.

३. पण बिल्ला लावायचाच कशासाठी? दुरून निरीक्षण करून अभ्यास होत नाही का?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तर सविस्तर देत आहे.

वाघाला पट्टे असतात, बिबट्याला ठिपके असतात आणि कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. त्यामुळे जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यातील छायाचित्रांवरून ‘हा तोच वाघ’ असे खात्रीने सांगता येते. काळ्या अस्वलाच्या अंगावर असे काहीच नसते. काहींच्या छातीवर पांढरा डाग असतो, पण बहुतेकांच्या नसतो. एकाच गल्लीत आठवड्यात पाच वेळा अस्वल दिसले, तर ती पाच अस्वले होती की एकच अस्वल पाच वेळा आले, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही आणि अनुभवी माणसाचीही येथे फसगत होते. बिल्ला त्या अस्वलाला इतरांपासून वेगळे करतो. एकेक जनावर वेगळे ओळखता आले, तरच त्याचे आयुष्य किती, मादी किती वर्षांनी विते, पिल्ले किती जगतात, नर किती दूर जातात, मरण कशाने येते, या प्रश्नांना हात घालता येतो.

एकूण संख्याही त्यातूनच काढली जाते. समजा, एका डोंगराळ भागात ८० अस्वलांना बिल्ले लावले. पुढच्या हंगामात त्याच भागात १२० अस्वले पकडली किंवा नोंदली गेली आणि त्यांपैकी २४ जणांच्या कानात बिल्ले आढळले. १२० मध्ये २४ म्हणजे पाचातील एक. याचा अर्थ बिल्ले लावलेली ८० अस्वलेही एकूण संख्येच्या साधारण पाचवा हिस्सा असली पाहिजेत, म्हणजे एकूण अस्वले सुमारे ४००. ही रीत प्रथम मासे आणि पाणपक्षी मोजण्यासाठी रूढ झाली आणि पीटरसन व लिंकन या दोन अभ्यासकांच्या नावाने ओळखली जाते. आकडे येथे समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्यक्षात गणित बरेच गुंतागुंतीचे होते, कारण एकदा पिंजऱ्यातील खाऊ चाखलेले अस्वल पुन्हा पिंजऱ्यात येण्याची शक्यता वाढते, तर घाबरलेले अस्वल पुन्हा फिरकत नाही. या दोन्ही सवयींचा हिशेब धरावा लागतो.

४. दोन्ही कानांत बिल्ले असलेले अस्वल दोनदा पकडलेले ‘गुन्हेगार’ अस्वल असते, असे शेजारी म्हणतात. खरे आहे का?

नाही, आणि हा गैरसमज दूर व्हावा अशी मनापासून इच्छा आहे, कारण त्यामुळे निरुपद्रवी जनावराकडे लोक संशयाने पाहू लागतात. कनेक्टिकटच्या पर्यावरण विभागानेही लोकांना हेच स्पष्ट करून सांगितले आहे: तेथे पहिल्याच वेळी प्रत्येक अस्वलाच्या दोन्ही कानांत एकेक बिल्ला लावला जातो आणि बिल्ले असलेली बहुतेक अस्वले त्रास देताना नव्हे, तर अभ्यासासाठी पकडलेली असतात.

दोन बिल्ल्यांचे कारण हिशेबाचे आहे. अस्वले एकमेकांशी झुंजतात, झाडाच्या खोडावर अंग घासतात, काटेरी झुडपांत शिरतात आणि बिल्ले गळून पडतात. वरच्या उदाहरणातील २४ अस्वलांपैकी ६ जणांचे बिल्ले गळून गेले, तर आपल्याला १८ च दिसतील आणि त्याच गणिताने संख्या ४०० ऐवजी ५३० च्या पुढे जाईल. रानात नसलेली शंभरावर अस्वले कागदावर उभी राहतील आणि त्या आकड्यावर शिकारीचे परवाने वाटले गेले, तर त्याची किंमत खरी अस्वले मोजतील. दोन बिल्ले असले, की दोन्ही गळण्याची शक्यता बरीच कमी होते. शिवाय एकच बिल्ला उरलेली अस्वले किती सापडतात, त्यावरून बिल्ले गळण्याचे प्रमाणही काढता येते.

५. एवढ्या मोठ्या जनावराला बिल्ला लावतात तरी कसा?

पकडण्यासाठी बहुधा लोखंडी नळकांड्यासारखा मोठा पिंजरा वापरतात. आत गोड किंवा उग्र वासाचे खाद्य ठेवलेले असते आणि ते ओढले, की दार खाली पडते. काही ठिकाणी पायाभोवती आवळणारा तारेचा फास लावतात. त्यावर फार बारकाईने लक्ष ठेवावे लागते. अस्वल सापडल्यावर वजनाचा अंदाज घेऊन भुलीचे इंजेक्शन दिले जाते.

त्यानंतरचे काम शांतपणे आणि भराभर चालते. ताडपत्रीवर आडव्या पडलेल्या अस्वलाची जीभ बाहेर लोंबत असते आणि डोळे उघडेच असतात, कारण या भुलीत पापण्या मिटत नाहीत; म्हणून आधी डोळ्यांत मलम घालून वर फडके बांधतात. एक जण श्वास मोजत आणि अंगाचा ताप पाहत राहतो, कारण उन्हाळ्यात भुलीखाली शरीर तापण्याचा धोका असतो. कानावरचे केस बाजूला सारून पाळी बोटांनी पसरतात, रक्तवाहिन्या चुकवून जागा ठरवतात, जंतुनाशक लावतात आणि पक्कड दाबतात. खट् असा एक आवाज होतो आणि बिल्ला बसतो. मग वरचा ओठ उलटून त्याच्या आतल्या गुलाबी बाजूवर तोच क्रमांक गोंदतात. सुळ्यामागचा एक अगदी लहान, फारसा उपयोग नसलेला दात वय ठरवण्यासाठी काढून घेतात, मापे घेतात आणि जाळीत घालून वजन करतात. अस्वल डोके उचलून पायांवर उभे राहीपर्यंत माणसे थोड्या अंतरावर थांबतात.

६. त्याला दुखत नाही का?

बिल्ला लावताना अस्वल भुलीखाली असते, त्यामुळे त्या क्षणी ते प्रतिकार करत नाही. त्रास अजिबात होत नाही, असे मात्र म्हणणे बरोबर होणार नाही. पिंजऱ्यातील भीती खरी असते, भुलीत काही धोका असतो, जखम क्वचित चिघळते आणि बिल्ला ओढला गेला, तर कान फाटतोही. म्हणूनच असे काम परवानगीशिवाय करता येत नाही. माझ्या मते येथे एक जबाबदारीही येते: जनावराला हा त्रास दिल्यावर त्याच्या क्रमांकाची नोंद नीट ठेवणे, ती वापरणे आणि लोकांनी कळवलेली प्रत्येक माहिती त्या पानावर चढवणे हे टाळता येण्यासारखे काम उरत नाही.

७. कानच का निवडला?

कान उंचावर असतो, दुरून दिसतो आणि त्याची पाळी पातळ कूर्चेची असते, म्हणजे स्नायू किंवा हाड छेदावे लागत नाही. पायात कडे घालावे, तर अस्वल चालताना, खणताना आणि झाडावर चढताना ते अडकेल. मानेभोवतीच्या पट्ट्याची अडचण निराळी आहे. ती पुढच्या प्रश्नात पाहावी.

८. बिल्ल्यात जीपीएस असते का? आणि नसेल, तर सगळ्यांना रेडिओ कॉलरच का लावत नाहीत?

साधा बिल्ला म्हणजे क्रमांक लिहिलेला प्लास्टिकचा तुकडा. तो कोणताही संदेश पाठवत नाही. कानाला लावता येणारी लहान प्रक्षेपक यंत्रे आहेत, पण ती सर्रास वापरली जात नाहीत. त्यामुळे आपल्या अंगणातले अस्वल कार्यालयातील पडद्यावर कोणाला दिसत असेल, ही समजूत बहुतेक वेळा चुकीची असते.

रेडिओ कॉलर, म्हणजे अस्वल कुठे आहे याचे संदेश पाठवणारा मानेभोवतीचा पट्टा, फार अधिक माहिती देते, परंतु ती महाग असते, बॅटरी संपते आणि अस्वलाच्या बाबतीत एक खास अडचण आहे. पानगळीच्या दिवसांत अस्वल थंडीसाठी चरबी साठवत अक्षरशः दिवसरात्र खात असते आणि त्याची मान जाड होते. वसंतात ते रोडावून बाहेर येते. वाढत्या वयाच्या अस्वलाची मान तर दरवर्षी बदलते. पट्टा सैल ठेवला तर निसटतो, घट्ट ठेवला तर मांसात रुततो. म्हणून कॉलर थोड्या, बहुधा प्रौढ माद्यांना लावतात आणि बिल्ले पुष्कळ अस्वलांना.

कॉलरमुळे काय साधते, याचे मिनेसोटातील उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. तेथे १९८१ मध्ये ७ वर्षांच्या एका मादीला कॉलर लावण्यात आली आणि तिला ५६ क्रमांक मिळाला. संशोधकांनी तिचा माग तीन दशकांहून अधिक काळ ठेवला. तिने ८ वेतांत २२ पिल्लांना जन्म दिला आणि त्यांपैकी २१ पिल्ले तिच्यापासून वेगळी होण्याच्या वयापर्यंत जगली. उतारवयात तिची नजर आणि ऐकणे मंदावले. २०१३ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षानंतर, ती जंगलात म्हातारपणाने मरण पावली. रानातल्या अस्वलाच्या आयुष्याची तेव्हापर्यंतची ती सर्वांत दीर्घ नोंद होती. क्रमांक नसता, तर ती वाळलेल्या पाचोळ्यावर पडलेली एक अनोळखी म्हातारी मादी ठरली असती.

९. इवल्याशा पिल्लांनाही बिल्ले लावतात का?

पिल्ले जानेवारी-फेब्रुवारीत, आई गुहेत असतानाच जन्मतात आणि तेव्हा त्यांचे वजन अर्ध्या किलोहूनही कमी असते. कॉलर लावलेल्या माद्यांच्या गुहांना संशोधक हिवाळ्याच्या अखेरीस भेट देतात. अस्वलाची शीतनिद्रा गाढ नसते, त्यामुळे आईला भूल द्यावीच लागते. तोवर पिल्लांना थंडी बाधू नये म्हणून माणसे त्यांना आपल्या जाकिटांत, छातीशी धरून बसतात. काही ठिकाणी या वयात कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवतात, तर काही ठिकाणी लहान बिल्ला लावतात. कानाची वाढ व्हायची असल्याने मोठा बिल्ला टाळला जातो. याच भेटींतून अनाथ पिल्लांसाठी दत्तक आईही सापडते. काही राज्यांत अशा पिल्लाच्या अंगाला व्हिक्स चोळतात, म्हणजे आईला परका वास चटकन कळत नाही.

१०. बिल्ला गळून पडला, तर ओळख कायमची हरवते का?

दुरून पाहणाऱ्यासाठी हरवते, पण अस्वल पुन्हा हाती लागले तर हरवत नाही. ओठाच्या आतील गोंदण वर्षानुवर्षे टिकते आणि मायक्रोचिप असल्यास यंत्राने वाचता येते. काढलेला दातही एक प्रकारची नोंदवही असतो. त्याच्या मुळाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की झाडाच्या खोडासारखी वर्षावर्षाची वलये दिसतात आणि मादीने ज्या वर्षी पिल्ले वाढवली त्या वर्षीचे वलय बारीक असते. आईपणाची वर्षे दातात अशी मोजता यावीत, याचे मला प्रत्येक वेळी नवल वाटते.

११. आता केसांतून डीएनए मिळतो. मग बिल्ल्यांची गरज उरली आहे का?

काटेरी तारेचे कुंपण करून मध्ये वासाचे आमिष ठेवले, की अस्वल तारेखालून जाताना केस सोडून जाते आणि त्या केसांवरून प्रत्येक अस्वल वेगळे ओळखता येते. मोजणीसाठी ही रीत उत्तम आहे आणि जनावराला हातही लागत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी ती बिल्ल्यांच्या जागी आली आहे; माझ्या मते हे स्वागतार्ह आहे. परंतु डीएनए दुरून वाचता येत नाही, वजन सांगत नाही आणि वयही सहज सांगत नाही.

दोन्हींची गरज कशी पडते, हे कॅलिफोर्नियातील साउथ लेक टाहो येथे दिसले. तेथे घरे फोडणाऱ्या एका प्रचंड अस्वलाला लोकांनी ‘हँक द टँक’ असे नाव दिले होते. २०२२ मध्ये डीएनए तपासणीतून कळले, की ती निदान तीन वेगवेगळ्या अस्वलांची कामे होती. एकाच्या माथी मारलेला दोष तिघांचा निघाला आणि त्यानंतर तेथील विभागाने त्या भागातील अस्वले पकडून, बिल्ले लावून सोडण्याचे ठरवले. ऑगस्ट २०२३ मध्ये ६४एफ क्रमांकाची मादी तिच्या पिल्लांसह पकडण्यात आली. ‘हँक’ म्हणून ओळखले गेलेले अस्वल म्हणजे हीच मादी निघाली.

१२. बिल्ला असलेल्या अस्वलाची शिकार करता येत नाही, हे खरे आहे का?

सर्वसाधारणपणे खरे नाही. नियम राज्यागणिक बदलतात. मिनेसोटात संशोधनासाठी कॉलर लावलेल्या अस्वलांच्या कानांत मुद्दाम मोठे, भडक बिल्ले लावतात आणि शिकाऱ्यांना अशी अस्वले सोडून देण्याची विनंती केली जाते. न्यू जर्सीच्या नियमांत बिल्ल्याला निराळे महत्त्व मिळाले: त्या वर्षी बिल्ले लावलेल्या अस्वलांपैकी ३० टक्के मारली गेली, की हंगाम बंद करायचा, अशी मर्यादा घालण्यात आली. शिकार झालेले प्रत्येक अस्वल तपासणी केंद्रावर आणणे आवश्यक असल्याने हे प्रमाण कळू शकते. शिवाय भुलीच्या औषधाचा अंश काही काळ मांसात राहतो, म्हणून मांस खाण्यापूर्वी बिल्ल्यावरील क्रमांक विभागाला कळवावा लागतो.

१३. त्रास देणाऱ्या अस्वलालाही बिल्ला लावतात ना? मग प्रश्न ४ चे उत्तर अपुरे नाही का?

काही बिल्ले खरोखरच त्या कारणाने लावलेले असतात. वस्तीत शिरलेले अस्वल पकडले, की त्याला बिल्ला लावून दूर सोडले जाते. कोलोरॅडोत अनेक वर्षे असे धोरण होते, की बिल्ला असलेले अस्वल पुन्हा उपद्रव करताना सापडले, तर त्याला मारावे. पुढे ते बरेच लवचीक करण्यात आले. सोडलेली अस्वले शंभराहून अधिक किलोमीटर चालून परत आल्याची उदाहरणे आहेत आणि ती परत आली हेही बिल्ल्यामुळेच कळते. मात्र कानातील बिल्ल्याकडे पाहून तो कोणत्या कारणाने लावला हे आपल्याला ओळखता येत नाही, म्हणून निष्कर्ष काढू नये. बहुतेक वेळा मूळ कारण उघडा राहिलेला कचऱ्याचा डबा असतो.

१४. न्यू जर्सीत दोन पायांवर चालणाऱ्या अस्वलाचे पुढे काय झाले?

पुढच्या पायांना इजा झाल्याने माणसासारखे उभे चालणारे ‘पेडल्स’ नावाचे हे अस्वल उत्तर न्यू जर्सीतील रहिवाशांना फार प्रिय होते. ऑक्टोबर २०१६ च्या शिकारीच्या हंगामात ते मारले गेल्याची बातमी पसरली आणि अनेकांनी विभागाकडे खात्रीलायक उत्तर मागितले. ज्या अस्वलाला पूर्वी बिल्ला लावलेला नाही किंवा ज्याचा डीएनए घेतलेला नाही, त्याची ओळख पटवण्याचा मार्ग आपल्याकडे नाही, असे विभागाने सांगितले. हजारो लोकांना ओळखीचे असलेले अस्वल नोंदींच्या दृष्टीने मात्र अनोळखीच राहिले.

१५. महाराष्ट्रात आपल्या अस्वलांना असे बिल्ले का दिसत नाहीत?

आपल्या अस्वलाच्या कानांवर आणि मानेवर इतके लांब केस असतात, की बिल्ला त्यांत झाकून जाईल. शिवाय ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने त्याला पकडण्याची परवानगी सहज मिळत नाही आणि मिळूही नये. ओळख पटवण्याची कल्पना मात्र महाराष्ट्राला नवी नाही. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वर येथील विहिरीतून काढलेल्या ‘आजोबा’ या बिबट्याला कॉलर आणि मायक्रोचिप लावून माळशेज घाटात सोडले होते. तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला आणि २०११ च्या डिसेंबरात वाहनाच्या धडकेत मेल्यावर त्याची ओळख त्या चिपमुळेच पटली.

१६. बिल्ला असलेले अस्वल दिसले तर काय नोंदवावे?

बिल्ल्याचा रंग, तो कोणत्या कानात आहे, वाचता आल्यास अक्षर व अंक, दिवस, वेळ, ठिकाण आणि सोबत पिल्ले किती होती, एवढे पुरेसे आहे. क्रमांक वाचण्यासाठी जवळ जाऊ नये. खिडकीतून काढलेले छायाचित्र नंतर मोठे करून पाहता येते. अंक दिसला नाही, तरी रंग आणि कान कळवावे, कारण कित्येकदा तेवढ्यावरून यादी दोन-तीन अस्वलांवर येते. ही माहिती राज्याच्या वन्यजीव विभागाच्या संकेतस्थळावरील नोंदपत्रात भरता येते.

१७. डोंगरात फिरताना गळून पडलेला बिल्ला सापडला. आठवण म्हणून ठेवू का?

कृपया ठेवू नये. जागेचे छायाचित्र काढावे, नकाशावर नेमकी जागा नोंदवावी आणि बिल्ला विभागाकडे पाठवावा. ते अस्वल कधीतरी त्या जागेवरून गेले होते आणि आता त्याचा एक कान मोकळा आहे, या दोन गोष्टी त्या तुकड्यातून कळतात. आसपास हाडे किंवा केस दिसले, तर तेही कळवावे, कारण मग प्रश्न गळलेल्या बिल्ल्याचा राहत नाही आणि त्या क्रमांकाच्या पानावर शेवटची नोंद करायची आहे का, हे कोणालातरी तेथे जाऊन पाहावे लागते.